विकतची जिव्हाळी

आमच्या एका पुतण्याचे बिऱ्हाड गेली वीस वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात आहे. त्याची कन्या अकरा वर्षांची असताना आम्ही प्रथमच त्याच्याकडे दोन महिने राहावयास गेलो होतो. तिकडील सार्वजनिक शाळांतून पाचवी-सहावीच्या सुमारास मुलांस वाद्यवृंदासाठी एकेक वाद्य निवडावयास सांगतात. बहुतेक मुले ट्रंपेट, फ्लूट, क्लॅरिनेट, नाहीतर ढोल मागतात. या मुलीने ओबो मागितला. शाळेतील शिक्षकांस हर्ष झाला, कारण ओबो मागणारे मूल त्यांस क्वचितच भेटते. घरात मात्र सुतक पडल्यासारखे झाले. पुढचे दोन महिने आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडून रोज सायंकाळी जो आवाज येत असे, त्याचे वर्णन सभ्य भाषेत करणे कठीण आहे. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह याने मुलांसाठी १९३६ मध्ये जी सांगीतिक गोष्ट रचली, तीत बदकाची भूमिका ओबोस दिली आहे. हा मान त्या वाद्यास कोणत्या गुणामुळे मिळाला, हे आम्हांस त्या दोन महिन्यांत पुरेपूर समजले.

गतवर्षी आम्ही पुन्हा तेथे गेलो. मुलगी आता सोळा वर्षांची झाली आहे. भिंतीपलीकडील बदक केव्हाच उडून गेले होते आणि त्याच्या जागी असा काही स्वर आला होता की, तो ऐकताना हातातील पुस्तक आपोआप मिटले जाई. घरातील सुतकही फिटले होते; परंतु त्याचे कारण निराळे निघाले. मधल्या काळात पुतण्यास कोणीतरी सांगितले होते की, तिकडील मोठ्या विद्यापीठांस आपापले वाद्यवृंद चालवावयाचे असतात, व्हायोलिन आणि पियानो वाजविणाऱ्या हुशार आशियाई मुलांचे त्यांच्या दारी पेव फुटलेले असते, आणि ओबो वाजविणारे मूल मात्र दुर्मिळ. म्हणून प्रवेशाच्या अर्जात ते उठून दिसते. हे कळताच ज्या वाद्याने घराची अब्रू जाणार होती, तेच वाद्य घराचे भाग्य उघडणार असे ठरले. पुतण्या आम्हांस अगदी मोकळेपणाने म्हणाला, "काका, ही दाराशी थांबलेली गाडी आहे. मुक्काम आला की उतरायचं. जन्मभर थोडंच गाडीत बसून राहायचंय?"

आमचा वाद या एका वाक्याशी आहे. तो पुतण्याशी नाही, कारण पुतण्या सज्जन आहे. मुलीला दर शनिवारी चाळीस मैल गाडी हाकीत शिकवणीस नेतो, वाद्यासाठी त्याने लाखांच्या घरात पैसा घातला आहे, आणि आमच्यापुढे तो कधी आवाज चढवीत नाही. परंतु हे वाक्य त्याचे एकट्याचे नाही. ते आमच्या साऱ्या सुशिक्षित वर्गाचे वाक्य आहे, आणि ते पुण्याच्या सदाशिव पेठेतून न्यू जर्सीस गेले आहे, हे आम्ही पक्के जाणून आहो.

ओबो म्हणजे काय, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक नसण्याचा संभव आहे. सुमारे दोन फूट लांबीची, आफ्रिकेतील काळ्या कठीण लाकडाची, खाली किंचित रुंदावत जाणारी ही नळी. तिच्यावर रुपेरी चाव्यांचे दाट जाळे, आणि तोंडाशी बोरूसारख्या पोकळ नळाच्या दोन पातळ पाती एकीवर एक बांधून केलेली जिव्हाळी. या दोन पातींमधील फट इतकी अरुंद असते की, तीतून वारा जातो कसा याचेच नवल वाटावे. बासरी वाजविणाऱ्याचा श्वास संपतो. ओबो वाजविणाऱ्याची अडचण नेमकी उलटी आहे. त्याचा श्वास संपत नाही. छातीत साठून शिळा होतो, आणि नवा घेण्यापूर्वी तो जुना बाहेर टाकण्यास सवड काढावी लागते. मोत्सार्टने १७७७ साली या वाद्यासाठी रचलेल्या कन्चेर्तोत ओबो प्रथम प्रवेश करतो तो एका झेपेसरशी वर चढतो आणि तेथे चार मात्रागटांपर्यंत एकच स्वर धरून बसतो. ऐकणाऱ्यास तो स्वर ऊन पडल्यासारखा प्रसन्न वाटतो. तो धरताना या मुलीच्या कानशिलावरील शीर कशी तटतटते, हे आम्ही समोर बसून पाहिले आहे. दोन्ही ओठ दातांवर आत वळवून जिव्हाळी त्यांमध्ये धरावयाची, चावावयाची मात्र नाही. पहिले वर्षभर ओठ दहा मिनिटांत थकून लुळे पडतात. सारा वाद्यवृंद आपले सूर लावतो तो ओबोच्या एका 'ए' स्वरावर. इतक्या माणसांनी आपल्या सुरावर विश्वास ठेवावा, ही जबाबदारी अशा रीतीने पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीच्या ओठांवर येऊन पडते.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. पियानो वाजविणाऱ्याने पियानो करावयाचा नसतो. व्हायोलिन वाजविणारा तार विकत आणतो. ओबो वाजविणाऱ्याचे मात्र निम्मे आयुष्य जिव्हाळी करण्यात जाते. दक्षिण फ्रान्सातील व्हार प्रांतातून येणारा हा नळ जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचा असतो. तो उभा चिरून त्याच्या तीन फाका करावयाच्या. प्रत्येक फाक आतून कोरीत कोरीत सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीची करावयाची. ती भिजवून, मधोमध दुमडून, साच्यावर आकार देऊन, बूच चढविलेल्या बारीक धातूच्या नळीवर दोऱ्याने आवळून बांधावयाची. मग टोक कापून दोन पाती सुट्या करावयाच्या, आणि त्यानंतर धारदार चाकूने तासावयास बसावयाचे. टोकाशी मिलिमीटरचा दहावा हिस्साही जाडी उरत नाही. चाकू केसभर अधिक लागला की तासाभराची मेहनत केराच्या टोपलीत जाते. सर्व साधले, तरी ही जिव्हाळी नियमित वाजविणाऱ्याच्या हाती काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे टिकणार. पाऊस पडला की ती फुगते, थंडीत घरे तापविली की ती आक्रसते. मुलीने आम्हांस आपला डबा दाखविला. त्यात दहा जिव्हाळ्या होत्या. त्यांतील दोन 'बोलतात', तीन 'कुरकुरतात', आणि बाकीच्या 'नुसत्या बसल्या आहेत', असे तिने सांगितले. ही भाषा तिने पुस्तकात वाचलेली नव्हती.

येथेच बापलेकीचा तंटा उभा राहिला. पुतण्याचे म्हणणे असे की, तयार जिव्हाळी बाजारात वीस-तीस डॉलरांस मिळते. मुलगी आठवड्यातील सहा-सात तास चाकू घेऊन बसते, त्या तासांत गणित होईल. आणि अर्जात 'ओबो' एवढाच शब्द लिहावयाचा असता तो कोणाच्या जिव्हाळीवर वाजविला हे कोण पाहतो? व्यवहाराच्या तराजूत हे म्हणणे खोटे नाही. आम्ही हेही मान्य करतो की, अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती प्रथम तयार जिव्हाळीच द्यावी. अगदी आरंभी चाकू देणे हा अघोरीपणा होईल. परंतु मुलीची शिक्षिका, जी स्वतः एका वाद्यवृंदात ओबो वाजविते, ती चौदाव्या वर्षानंतर विकतची जिव्हाळी घेऊन येणाऱ्यास सरळ परत पाठविते. आम्हांस तिचे करणे रास्त वाटते, आणि का वाटते ते सांगितले पाहिजे.

विकतची जिव्हाळी कोणा अनोळखी माणसाच्या ओठांच्या बेताने तासलेली असते. ती वाजविणारे मूल आपला ओठ तिच्या बेताने वळवू लागते. काही दिवसांनी ते मूल आपला स्वर विसरते. जो स्वर त्या जिव्हाळीत आहे तोच आपला असे समजू लागते. स्वतः तासावयास बसलेल्या मुलास प्रथम कानात स्वर धरावा लागतो, मग त्या स्वराकडे चाकूने वाट काढावी लागते. काय हवे आहे हे ठाऊक असल्यावाचून काय तासावे हे कळतच नाही. आमच्या विद्यार्थ्यांस तीस वर्षे शिकविताना आम्हांस जर कोणत्या एका गोष्टीने हैराण केले असेल, तर ती ही: त्यांस उत्तर हवे असते, प्रश्न नको असतो. बाजारात मार्गदर्शके तयार आहेत. त्यांस आम्ही दोष देत नाही. मार्गदर्शके लिहिणाऱ्यांत आमचे स्नेही आहेत, आणि एका पुस्तकावर आमचेही नाव आहे. परंतु सोळा वर्षांची एक पोर भिंग लावून अर्धा मिलिमीटर जाडीच्या पातीत आपली चूक शोधीत बसलेली पाहिली, तेव्हा आमच्या वर्गातील पुष्कळ गोष्टींची आम्हांस लाज वाटली.

आमच्या लोकांस कारकुनास 'बोरूबहाद्दर' म्हणून हिणविण्याची खोड आहे. त्या बिचाऱ्याचा एक गुण मात्र कोणी सांगत नाही: तो आपला बोरू आपण तासून घेत असे. बोरूची कत नीट पडली नाही तर मोडीचे वळण बिघडते हे त्यास ठाऊक होते, म्हणून चाकू त्याच्या खिशात असे. चाकू गेला, तेव्हापासून हाताने करावयाची प्रत्येक गोष्ट हलकी आणि विकत घ्यावयाची प्रत्येक गोष्ट प्रतिष्ठित, असे आम्ही ठरवून टाकले.

ओबो वाजविणाऱ्यांच्या घराण्यांची हकीकत पाहावी. फ्रान्सातील कोंपियेन्य येथे १८८७ साली जन्मलेला मार्सेल ताब्युतो पॅरिसच्या संगीतशाळेत शिकून अमेरिकेस गेला. १९१५ पासून १९५४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात तो प्रमुख ओबोवादक होता, आणि १९२४ पासून त्याच शहरातील कर्टिस संस्थेत त्याने शिकविले. अमेरिकेतील ओबोवादनाची आजची परंपरा फार मोठ्या अंशी त्याच्या शिष्यांची आहे, आणि त्या परंपरेत जिव्हाळी लांबवर तासण्याची जी रीत आहे तीही त्याचीच देणगी. म्हणजे तेथे घराणे ओळखू येते ते जिव्हाळीवरून. त्याचा शिष्य जॉन द लान्सी १९४५ साली अमेरिकन फौजेत शिपाई म्हणून जर्मनीत होता. गार्मिश येथे त्याने वृद्ध रिखार्ड श्ट्राउस याची भेट घेतली आणि धीर करून विचारले, ओबोसाठी कन्चेर्तो लिहिण्याचे आपल्या मनात कधी आले नाही काय? म्हातारा 'नाही' म्हणाला. पुढे त्याच वर्षी त्याने तो लिहिला, आणि १९४६ च्या फेब्रुवारीत झूरिख येथे तो प्रथम वाजला. त्याच्या आरंभी वादकास विसाव्याची म्हणून जागाच ठेवलेली नाही. आता पुतण्याच्या हिशेबाने पाहा: लढाई संपलेली, गणवेष अंगावर, नोकरी परत मिळेल न मिळेल याची शाश्वती नाही, आणि या तरुणास विचारावयास सुचते ते हे! तो गाडीतून उतरला नव्हता.

इंग्लंडातील लिऑन गूसेन्सचे उदाहरण याहूनही बोलके आहे. सतराव्या वर्षी लंडनच्या क्वीन्स हॉल वाद्यवृंदात प्रमुख ओबोवादक झालेला हा मनुष्य १९६२ साली मोटारीच्या अपघातात सापडला. ओठ आणि दात यांस जबर इजा झाली. वय पासष्टाच्या घरात. कीर्ती भरपूर मिळालेली. त्याने ओठांची ठेवण नव्याने शिकावयास घेतली आणि पुन्हा मंचावर येऊन वाजविले. विकतच्या जिव्हाळीने हे झाले नसते, असे आमचे मत आहे. ज्याने आयुष्यभर ओठाच्या बेताने पात तासली, त्यालाच बदललेल्या ओठाच्या बेताने ती पुन्हा तासता येते.

येथे आमचे काही मित्र म्हणतील, हे परक्यांचे वाद्य. आपल्या मुलांनी त्याच्यासाठी ओठ का सोलून घ्यावे? या मित्रांस आम्ही सनईची आठवण देऊ इच्छितो. ओबो आणि सनई ही एकाच कुळातली भावंडे आहेत: तीच निमुळती नळी, तीच दुहेरी जिव्हाळी. युरोपातही या कुळाचा पूर्वज, ज्यास शॉम म्हणत, चव्हाट्यावर आणि मिरवणुकीतच वाजे. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या राजदरबारातील ओतेतेर वगैरे कारागीर-वादकांनी ती नळी बारीक केली, जिव्हाळी ओठांत घेतली, आणि चव्हाट्यावरचे वाद्य दिवाणखान्यात आणले. हे कारागीर स्वतः वादक होते, ही गोष्ट विसरता कामा नये. हात आणि ओठ एकाच माणसाचे होते.

आमच्याकडे काय झाले? सनई मंगल ठरली आणि सनईवाला मात्र मांडवाबाहेर बसला. लग्नात ती हवी, देवळात ती हवी, नगारखान्यात ती हवी. पण घडशी, गुरव, होलार यांच्या पोरांनी ती वाजवावी आणि आम्ही अक्षता टाकाव्या, असा श्रमविभाग आम्ही पिढ्यान् पिढ्या सुखाने चालविला. त्या घरांतील पोर आधी वडिलांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे नुसता सूर धरी; आमच्या डोळ्यांदेखत ते होत असे आणि त्यास आम्ही शिक्षण म्हणत नव्हतो. बिस्मिल्ला खाँ यांस २००१ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा आम्ही सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्यानंतर आपल्या मुलाच्या हाती सनई दिली, असा एकही गृहस्थ आमच्या ओळखीत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ सनईने होतो. त्या वेळी मंडपात किती खुर्च्या भरलेल्या असतात आणि किती मंडळी बाहेर बटाटेवड्याच्या रांगेत असतात, हे आम्ही त्या रांगेतूनच अनेकदा पाहिले आहे. आता तर कार्यालयांतून सनईची तबकडीच लागते. वाजविणाऱ्यास पानसुपारी देण्याचाही त्रास उरला नाही. तेव्हा परक्याचे वाद्य म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार ज्यांनी आपले जतन केले त्यांस आहे. तो आमच्यापाशी नाही.

पुतण्याच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, पहिल्या वर्षी दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारला होता: "अगं बाई, म्हणजे सनईच की! लग्नात वाजवणार का?" आम्ही तेव्हा हसलो होतो. आज असे वाटते की, साऱ्या घरात खरे बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. पुढे ज्या शब्दांनी त्यांचे समाधान करण्यात आले ते शब्द, म्हणजे 'प्रवेश', 'शिष्यवृत्ती' आणि 'दुर्मिळ', त्या प्रश्नास उत्तर देत नाहीत. ते केवळ वाद्यावरचा डाग पुसतात. उद्या विद्यापीठांनी ओबोऐवजी मल्लखांब मागितला, तर परसदारी खांब पुरावयास आम्ही मुहूर्तही पाहणार नाही.

येथील घरांचीही स्थिती निराळी नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा असोत की लंडनच्या मंडळांच्या आठ पायऱ्यांच्या परीक्षा असोत, त्या ज्यांनी योजिल्या त्यांचा हेतू शुद्ध होता. विष्णु दिगंबरांनी गाणे घराघरांत नेले म्हणून तर आमच्यासारखे बेसूर लोकही आज ख्याल ऐकतात. परंतु दहावीच्या वर्षी तंबोरा गवसणीत जातो तो बहुधा परत बाहेर येत नाही. वाद्यांची निवडही आम्ही अशी करतो की शिकणे शेजाऱ्यास ऐकू जाऊ नये. विजेच्या पेटीची कळ दाबली की पहिल्याच दिवशी सूर शुद्ध. त्यात मुलाने काय केले, हे विचारू नये. मुंबईत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हा वादकांसाठी कझाकस्तानापर्यंत जावे लागले. फुंकीच्या वाद्यांचा तुटवडा तर विशेषच. हा तुटवडा ओठांचा नव्हता.

आम्ही स्वतः कोणतेही वाद्य वाजवीत नाही, हे कबूल केले पाहिजे. लहानपणी पेटी शिकावयास बसविले होते. तिसऱ्या धड्यास मास्तरांनीच हात जोडले. म्हणून हे लिहिणे कलावंताचे नाही. सगळ्या मुलांनी वाद्यावर पोट भरावे, असेही आमचे म्हणणे नाही. मुलीने उद्या वैद्यक शिकावे, गणित शिकावे. तिने ओबो धंदा म्हणून करावा की करू नये हे तिचे तीच ठरवील. आमचे भांडण एवढ्यापुरतेच आहे की, पाच वर्षे ओठ सोलून जी वस्तू तिने कमावली ती अर्जाबरोबर जोडून पाठवावयाचा कागद नाही, आणि कागद पोचल्यावर चाकू तिच्या हातातून काढून घेण्याचा अधिकार तिच्या बापास नाही. तसा घाट घातलेला आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. पुढील वर्षी प्रवेश झाला की वाद्य चांगल्या किमतीस विकून टाकावे, असे घरात बोलणे झाले. मुलगी त्या वेळी शेजारच्या खोलीत नळ भिजत घालीत होती आणि दार उघडे होते.

या विषयावर पुतण्यास आम्ही चार पानी पत्र घातले. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. मुलीचे मात्र आले, आणि त्याबरोबर एक लहानशी डबी. तिच्यात एक जिव्हाळी होती. लाल दोऱ्याने बांधलेली, टोकाशी किंचित चिरलेली. तिने लिहिले आहे: "आजोबा, ही बोलणारी होती. परवा चिरली. बाबांना वाद्य विकायचं असेल तर विकू दे म्हणावं, पण चाकू आणि कोरायचं यंत्र माझ्या पैशाचं आहे, ते मी देणार नाही." ती डबी सध्या आमच्या टेबलावर, शाईच्या दौतीशेजारी आहे.